मेणाचा डावा पाय

पात्रांवांची माफी मागायची राहून गेली. ते होते तेव्हा त्यांच्या आणि माझ्या मध्ये चिऱ्याची एक भिंत होती, आणि तिच्या या बाजूला बसून मी नऊ वर्षं 'उद्या जाऊ, उद्या सांगू' करत होतो. सांगायचं होतं ते एका वाक्याचं. आता वाक्य माझ्यापाशी आहे आणि ऐकणारा नाही.

डिचोलीत मराठीचा मास्तर म्हणून लागलो तेव्हा मी त्यांच्या घरातल्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मी पेडण्याचा. आमच्या घरात देवाला प्रसाद लावल्याशिवाय, म्हणजे मूर्तीला फुलांच्या पाकळ्या चिकटवून कुठली आधी पडते ते पाहिल्याशिवाय, म्हैससुद्धा विकत नाहीत. किरिस्तांवाच्या घरात राहावं की नाही यासाठीही आईने प्रसाद लावला. देवाची हरकत निघाली नाही. उलट आईच म्हणाली, "देवाक चलता, तुझ्या बायलेक चलता काय बघ." तिलाही चाललं.

पात्रांव म्हणजे मालक. सगळी आळी त्यांना तेच म्हणायची, पण मालकपणाचं एकही लक्षण त्या माणसात नव्हतं. गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी, मेणाचे थेंब पडून कडक झालेली बनियन, आणि हाताच्या बोटांवर कायमचा एक पातळ पापुद्रा. जेवायला बसले की तो नखाने सोलून काढायचे आणि बशीच्या कडेला ठेवायचे. बायको फार पूर्वी गेलेली, एकुलती मुलगी वास्कोला दिलेली. घरात ते, एक मांजर आणि मेण.

धंदा मेणाचे अवयव करण्याचा. ज्याचा हात दुखतो त्याने मेणाचा हात घ्यायचा, डोकं दुखतं त्याने डोकं, ज्याला मूल नाही त्याने बाळ, आणि फेस्ताला, म्हणजे चर्चच्या जत्रेला, सायबिणीपुढे, म्हणजे देवमातेपुढे, नेऊन ठेवायचा. घेणाऱ्यांत निम्मे आमच्यासारखे हिंदूच असत. मागच्या पडवीत तांब्याच्या कढईत मेण वितळायचं. दोन फाळक्यांचे साचे पाण्यात भिजवून ठेवलेले असायचे. साचा बांधायचा, मेण ओतायचं, घोळवायचं, उरलेलं परत कढईत, आणि साचा उघडला की आत पोकळ, पिवळसर पाय. फेस्त उलटलं की चर्चमध्ये साठलेले अवयव पात्रांवच पोत्यातून परत आणायचे आणि कढईत घालायचे. "हें मेण पयलीं तकली आशिल्लें, मागीर घर जालें, आतां भुरगें जातलें," असं एकेका ढेपेचं कूळ सांगायचे, आधी डोकं, मग घर, आता मूल. "देव दवरून घेना मरे. तो पांय घेवन कितें करतलो? ताका चलपाक पांय आसात."

अशा माणसाने गप्प बसून माल विकावा की नाही? पण गिऱ्हाईक आलं की पात्रांव ती वस्तू कागदात गुंडाळायचे, त्याच्या हातात द्यायचे आणि कागदाचं एक टोक आपल्याच मुठीत धरून ठेवायचे. मग देवाच्या मोगाचं, म्हणजे प्रेमाचं, सुरू. "व्हर. पूण एक आयक. तुवें हो हात दिलो म्हणून देव तुजो मोग करचो ना. तो आदींच करता. तूं हात दी वा दिनाका, तूं बरो आस वा वायट आस, तो करताच. ताका दुसरें कांय येनाच." माणूस घाईत असायचा, बस गाठायची असायची, पण कागद सुटायचा नाही. म्हापशाच्या एका बाईने त्यांना चांगलं झापलं होतं. "मग विकतास कित्याक?" तेव्हा पात्रांव अगदी खरं उत्तर सांगितल्यासारखे म्हणाले, "रित्या हातांनी वचपाक तुका लज दिसता म्हणून."

सगळ्यांना ते 'तूं'च म्हणायचे. मामलेदार एकदा घराच्या कागदांसाठी आला होता, त्यालाही. मी नंतर म्हटलं, पात्रांव, अधिकारी माणसाला जरा तुमी म्हणावं. ते म्हणाले, "देवाक हांव तूं म्हणटां. मागीर मामलेदाराक तुमी कित्याक?"

बाकीच्या मेणकारांनी विगाराकडे, म्हणजे चर्चच्या पाद्र्याकडे, त्यांची तक्रार केली, की हा माणूस भर फेस्तात गिऱ्हाइकांना 'याची काही गरज नाही' म्हणून सांगतो, आमच्या पोटावर पाय येतो. विगाराने बोलावून घेतलं. आल्यावर मी विचारलं, काय झालं? पात्रांव खूश होते. विगार म्हणाला होता, "तूं सांगता तें खरें. पूण फेस्ताच्या दिसा सांगूं नाका." हे वाक्य त्यांनी मला निदान वीस वेळा ऐकवलं असेल आणि प्रत्येक वेळी 'तें खरें' वर थांबून माझ्याकडे बघितलं असेल.

मला हे सगळं आधी गंमतीचं वाटायचं, मग कंटाळवाणं. आमच्या दोघांच्या मध्ये ती भिंतच तेवढी, तीही वर छपराला पोचलेली नाही. सकाळी मी वह्या तपासायला बसलो की पलीकडून सुरू व्हायचं, "तो आदींच करता." बायको स्वैपाकघरातून त्यांच्या आवाजात तेच म्हणून दाखवायची आणि आम्ही हसायचो.

एका गोष्टीवर मात्र मला हसता आलं नाही. खाणी जोरात चालत होत्या त्या दिवसांतली गोष्ट. सावंतवाडीकडचा एक ट्रकवाला आला. त्याला मेणाचं डोकं हवं होतं. कुणाचं डोकं दुखतं म्हणून पात्रांवांनी विचारलं. मग म्हणाला, त्याच्या ट्रकखाली एक म्हातारा सापडून गेला. पोलीस, कोर्ट सगळं झालं, सुटलाही, पण झोप येत नाही. पात्रांवांनी त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि तेच सांगितलं जे सगळ्यांना सांगत. तो माणूस म्हणाला, "माझ्यार? पात्रांव, माझ्या हातान माणूस मेलो." पात्रांव म्हणाले, "तुजेर लेगीत." तुझ्यावरसुद्धा. ट्रकवाला लहान मुलासारखा रडला. डोकं न घेताच गेला.

मी त्या दिवशी भिंतीला वळसा घालून पडवीत गेलो आणि भांडलो. म्हटलं, ज्याने मारलं त्याच्यावरही देवाचं प्रेम, आणि जो मेला त्याच्यावरही? मग त्या प्रेमाचा उपयोग काय? आमच्या देवाकडे निदान गाऱ्हाणं घालता येतं, तो कुणाची तरी बाजू घेतो. पात्रांव कढई ढवळत होते. म्हणाले, "उपेग ना, मास्तर. मोग तो मोग." मी चिडून परत आलो. आज वाटतं, तिथेच जरा वेळ बसायला हवं होतं.

आता पायाचं सांगतो.

आईला साखर होती. उजव्या पायाच्या अंगठ्याला काजूच्या बागेत काटा लागला आणि ती जखम भरेना. काळी पडत वर चढायला लागली. पेडण्याला गेलो तर आई पाय लांब करून ओसरीवर बसलेली. म्हणाली, "त्या तुझ्या पात्रांवाकडे मेणाचो पाय मेळता मां? एक घेवन ये आणि सायबिणीक घाल. देवीक आमी सांगलाच आसा, तिकाय सांगूया." मी हो म्हटलं. आईने आयुष्यात माझ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला जायच्या गडबडीत मी पडवीत गेलो. पात्रांव साच्यात मेण घोळवत होते, हात कोपरापर्यंत गुंतलेले. मी म्हटलं, आईसाठी उजवा पाय हवा. त्यांनी मानेनेच फळ्या दाखवल्या. "उजवे सकयले फळयेर. तुवेंच घे. पूण मास्तर, तुजे आवयक सांग हां, तिणें पांय दिलो म्हणून न्हय..." मला उशीर होत होता. पुढचं मला पाठ होतं. खालच्या फळीसाठी वाकावं लागलं असतं, आणि वरच्या फळीवरचे पाय हाताशी होते. मी वरचा एक उचलला, पिशवीत टाकला आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत निघालो.

फेस्ताला मी आणि बायको गेलो. रांग मोठी, ऊन मोठं. आमची पाळी येता येता बायकोने पिशवीतून पाय काढला, आपल्या पायाशी धरून पाहिला आणि म्हणाली, "अहो, हा डावा." मागून लोक ढकलत होते. मी म्हटलं, "राहू दे गं. देवाला कळतं." आणि तो ढिगात ठेवून दिला. त्या क्षणी पात्रांवांचं तत्त्वज्ञान माझ्या किती सोयीचं होतं!

आईचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यानंतर आठव्या दिवशी ती गेली.

दिवसवार उरकून आम्ही डिचोलीला परतलो. संध्याकाळी पात्रांव आले. धुतलेला सदरा घातला होता, केस विंचरले होते. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांना पहिल्यांदाच सदऱ्यात बघत होतो. खुर्चीवर बसले, टोपी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मास्तर, देव तिचो मोग करतालो. आतांय करता."

माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो आणि वाट्टेल ते बोललो. "पुरे करा तुमचं ते! तुमच्या बडबडीच्या नादात तुम्ही मला डावा पाय दिलात. माझ्या आईचा उजवा दुखत होता, आणि तुम्ही डावा दिलात!" हे वाक्य मी म्हणत होतो आणि अर्ध्यावर असतानाच मला सगळं आठवलं. खालची फळी, वरची फळी, त्यांचे गुंतलेले हात, 'तुवेंच घे'. सगळं लख्ख आठवलं. तरी मी ते वाक्य पूर्ण केलं. वर आणखी म्हटलं, "तुमच्या देवाचं प्रेम तुम्हालाच लखलाभ. माझ्या दारात परत ते नाव काढू नका."

बायको दारात आली होती. तिला पायाचं माहीत होतं, फळीचं नव्हतं. पात्रांवांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, मी आजारी आहे की काय, असं बघितलं. मग उठले आणि म्हणाले, "चूक जाली, मास्तर. म्हजी चूक जाली." टोपी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं, तर पडवीत बसून प्रत्येक उजव्या पायाला ते लाल दोरा बांधत होते. एकेक पाय उचलायचा, अंगठा कुठल्या बाजूला आहे ते बघायचं, दोरा गुंडाळायचा. फळीभर पाय. सकाळभर चाललं होतं. मी खिडकी लावून घेतली.

आणि त्या दिवसापासून पात्रांव गप्प झाले. गिऱ्हाईक आलं की विचारायचे, "डावो काय उजवो?" पुन्हा विचारायचे. कागदात गुंडाळायचे आणि द्यायचे. कागदाचं टोक धरून ठेवणं बंद. जुनी गिऱ्हाइकं थोडी घुटमळायची, आता म्हातारा काही सांगेल म्हणून. पात्रांव कढईकडे वळायचे. भिंतीपलीकडून आता फक्त मेण ओतल्याचा आवाज यायचा. वह्या तपासायला इतकी शांतता मला कधी मिळाली नव्हती, आणि माझं एकाही वहीत लक्ष लागत नव्हतं.

खरं सांगायचं तर पहिले काही महिने मला बरं वाटलं. वाटलं, आपण बोललो ते लागलं. म्हाताऱ्याला उत्तर सुचलं नाही. त्याच्या त्या आंधळ्या प्रेमाला एक सरळ प्रश्न विचारला आणि ते कोसळलं. माणूस आईच्या मरणातसुद्धा वादात जिंकल्याचं सुख शोधतो, हे मी माझ्यावरून सांगतो. नंतर ते सुख आंबलं. मला कळायला लागलं, की एका निरपराध माणसाच्या गळ्यात मी माझी चूक बांधली आहे आणि तो ती घालून माझ्याच डोळ्यांसमोर वावरतो आहे.

एके दिवशी मी बायकोला फळीचं सांगितलं. तिने चहाचं आधण उतरवून ठेवलं. मग म्हणाली, "आत्ता जा. चहा नंतर घ्या." मी उठलो आणि गेलोसुद्धा. पात्रांव साचे धूत होते. मला बघून त्यांनी हात पुसले, बाक पुढे केला आणि वाट बघत बसले. इतकी वाट माझी कुणी बघितली नसेल. मी म्हटलं, "पात्रांव, चवथीआधी भिंतींना चुना काढायचा का?" ते म्हणाले, "काडया मरे." मी परत आलो. बायकोने चहा पुढे ठेवला.

आणि हा माणूस वागायचा कसा? दर चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी लागणारी रानफळं, कांगलां, घागऱ्या, नारळांचा घड, सगळं पहाटे आमच्या दारात आणून ठेवलेलं असायचं. नाताळात नेवऱ्यांची बशी. माझ्या मुलीला ताप आला तेव्हा दवाखान्यात रिक्षा तेच घेऊन आले आणि बाहेर बाकावर बसून राहिले. सगळं पूर्वीसारखं, फक्त तो एक विषय नाही. मी मनात म्हणायचो, एवढं चांगलं वागताय तर एकदा शिवी तरी द्या. तेही नाही.

पुढे माझी बदली पेडण्याला झाली, आमचंच घर होतं, आम्ही खोल्या सोडल्या. निघताना त्यांना नमस्कार केला. जीप सुरू होती, सामान चढलेलं. तेव्हाही एक वाक्य बोलायला वेळ होता. मी म्हटलं, "येतो, पात्रांव." ते म्हणाले, "यो हां." वर्षभरात त्यांचं चालणं थकलं आणि मुलगी त्यांना वास्कोला घेऊन गेली. पेडण्याहून वास्को म्हणजे काही परदेश नाही. पणजीला बस बदलली की दुपारच्या जेवणाला पोचतो माणूस. मी दोन वर्षं पोचलो नाही.

गेल्याचं कळलं ते मुलीच्या फोनवरून, तेही चार दिवस उलटल्यावर. माझा नंबर तिला त्यांच्या वहीत उशिरा सापडला. महिन्याच्या मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, या म्हणाली. गेलो. मीस संपल्यावर घरी कॉफी झाली, लोक पांगले. मी तिला म्हटलं, बाय, एक सांगायचं आहे. आणि जे बापाला सांगायचं होतं ते मुलीला सांगितलं. खालची फळी, वरची फळी, सगळं. पाय मीच चुकीचा उचलला होता, तुझ्या पपांनी नाही.

ती म्हणाली, "पपाक खबर आशिल्लें, मास्तर."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"त्याच आठवड्यांत म्हाका फोनार सांगिल्लें. मास्तरान आपणेंच वयलो पांय काडलो, हांवें पळयला म्हणटालो. पूण ताची आवय गेल्या, ताका कोणाक तरी दोश दिवंक जाय. म्हाका दिलो जाल्यार दिलो."

मी वरचा पाय काढताना त्यांनी पाहिलं होतं, आणि आई गेलेल्या माणसाला कुणाला तरी दोष द्यायला हवा म्हणून तो स्वतःवर घेतला होता. मी विचारलं, मग ते गप्प का झाले? स्वतःची चूक नव्हती हे माहीत होतं, तर ते सगळं बोलणं का सोडलं? मला वाटलं त्यांचा त्याच्यावरचा विश्वासच गेला.

ती हसली. बापाच्या आठवणीने हसावं तशी. "विस्वास कसलो वता? भिंतीपलतडीं आयकूं येता म्हणटालो. मास्तराक दुखता. हांव मोगाच्यो गजाली करीत रावल्यार ताका आवयची याद येतली. हांगा वास्कोंत येतकच परत सुरू केलें! गॅसवाल्याक, नर्साक, बसच्या कंडक्टराक. आमगेर मासळी घेवन येता ती बायल तर निमाणें दुसऱ्या वाटेन वचपाक लागिल्ली. मरच्या आदल्या दिसा मेरेन उलयतालो."

मी कॉफीचा कप खाली ठेवला. नऊ वर्षं. त्या माणसाला सांगण्यासारखं आयुष्यात एकच होतं, त्याच्यावर तो जगत होता, आणि ते त्याने नऊ वर्षं तोंडात धरून ठेवलं, कारण पलीकडे मी राहत होतो. मी पंधरा पावलं चालून गेलो असतो तर ते त्याच संध्याकाळी सुटलं असतं. आणि मी भिंतीच्या या बाजूला बसून त्यांच्या देवाला हरवल्याचा आनंद मानत होतो.

मला रडू आवरेना. मुलगी उठून जवळ आली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "रडूं नाकात, मास्तर. पपा तुमचेर केन्नाच तापूंक नाशिल्लो."

तापले असते तर बरं झालं असतं. तापलेल्या माणसाकडे जाता येतं, पाय धरता येतात, चार शिव्या खाऊन मोकळं होता येतं. जो कधी तापलाच नाही त्याच्याकडे कुठल्या तोंडाने जायचं, हे मला ते असताना सुचलं नाही, आणि तेवढ्यासाठी मी गेलोच नाही.